शाळेचं मॉक ड्रिल झालं, पण नंतर पोरं कुणाच्या हाती द्यायची? (नाशिक)

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. लेकीच्या शाळेत नुकतंच मॉक ड्रिल झालं. घंटा वाजली, पोरं रांगेत खाली आली, ग्राउंडवर उभी राहिली, फोटो निघाले, ग्रुपवर पडले, खाली टाळ्यांचा पाऊस. मी पालक-शिक्षक संघात आहे म्हणून मीटिंगमध्ये विचारलं की पुढे काय? म्हणजे ग्राउंडवर आल्यावर हजेरी कोणी घेतली, जी मुलगी त्या वेळी बाथरूमला गेलेली होती ती कुणाच्या लक्षात आली, आणि खरंच इमारतीत परत जाता येणार नसेल तर एवढी पोरं कुणाच्या ताब्यात द्यायची? उत्तर आलं, "मग शाळा सोडून देऊ ना."

आता शाळा सोडून देऊ म्हणजे नक्की काय हो? आमच्याकडे निम्मी मुलं गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, पलीकडची, पंचवटी, म्हसरूळ, मेरी, मखमलाबाद. व्हॅनवाले काका सव्वापाचला येतात, दुपारी दोनला ते दुसऱ्या शाळेच्या गेटवर असतात. आईवडील दोघं नोकरीला, एखादे बाबा अंबड एमआयडीसीत, तिथे आत फोनच न्यायला बंदी. ऑगस्ट २०१६ चा पूर आठवा, मंगळवार होता, सराफ बाजारात पाणी, घाटाकडचे रस्ते बंद. २०१९ ला ४ ऑगस्टला पाणी आलं तो रविवार होता म्हणून शाळांचा प्रश्न आला नाही इतकंच.

मला वाटतं आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन म्हणजे "पोरं इमारतीच्या बाहेर काढणं" इथेच थांबतं, त्यानंतरच्या तीन-चार तासांचा विचार कुणी करत नाही. तुमच्या शाळांमध्ये काय आहे? कुणी काही लिहून ठेवलेलं असेल तर सांगा, मला पुढच्या मीटिंगला कच्चा का होईना पण आराखडा घेऊन जायचंय.

कडू_कारलं

ताई, आराखडा तुमच्या शाळेत आहेच, ऑफिसच्या कपाटात स्पायरल करून ठेवलेला असणार. एका शाळेचा दुसरीने उचललेला, फक्त नाव बदललेलं. मी एका शाळेचा पाहिलाय, त्यात चक्रीवादळाच्या वेळी किनाऱ्यापासून लांब जावे असं लिहिलेलं. नाशकात! किनारा म्हणजे रामकुंडाचा म्हणत असतील तर माहीत नाही.

आणि गंमत बाजूला, पण शिक्षकांच्या मागे आधीच निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरा हे सगळं आहे, त्यात हे अजून एक रजिस्टर वाढेल, दुसरं काही होणार नाही.

साधा_मास्तर

@कडू_कारलं, रजिस्टरचं खरंय, पण सगळेच कागद फुकट नसतात. मी निफाड तालुक्यात गोदाकाठच्या एका झेडपी शाळेवर आहे, दोन शिक्षकी. चांदोरी-सायखेड्याकडे पाणी येतं ते सगळ्या जिल्ह्याला माहितीये. आमच्याकडे पुराचा प्रश्न उलटा, पोरं शाळेतून बाहेर काढायचा नाही, पूर आला की वस्तीवरची माणसंच शाळेत राहायला येतात, म्हणजे वर्ग, किचनशेड, संडास सगळं त्यांच्यासाठी उघडून द्यायचं आणि पाणी ओसरल्यावर शाळा कधी भरवायची हे मग आपलं आपण बघायचं. दाखल-खारिज रजिस्टर, हजेरी, पोषण आहाराचा तांदूळ हे दरवर्षी जूनमध्येच वरच्या फळीवर नेऊन ठेवतो, हा आमचा आराखडा. कुठे लिहिलेला नाही, पण चालतो.

माझी खरी धास्ती वेगळी आहे. दोन शिक्षक, समजा एका पोराला साप चावला. एक जण त्याला घेऊन गेला की बाकीची सगळी पोरं एकट्यावर. आणि केंद्राची मीटिंग असली तर मुळात एकच जण शाळेत असतो! तेव्हा काय करायचं? २०१९ मध्ये केरळात वायनाडला वर्गातल्या भोकातून साप येऊन मुलीला चावला, दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि ती गेली. तेव्हापासून मी एक केलं, वर्गातली फरशीची आणि भिंतीची बिळं सिमेंटने बुजवली, आणि गावात दिवसा कुणाकुणाची गाडी घरी असते त्यांची नावं-नंबर फळ्याशेजारी खडूने नाही, ऑइलपेंटने लिहिले. त्याखाली सापाच्या विषावरची लस मिळते त्या दवाखान्याचं नाव. जवळच्या उपकेंद्रात लस नसते, तिथे जाऊन वेळ घालवण्यापेक्षा थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचं. पोराला चालवायचं नाही, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, दोरी करकचून आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच नाही. हे पालकसभेत दरवर्षी सांगतो, तरी एखादे आजोबा उठून दोरीचं विचारतातच.

लालबंब

मी फायर सिस्टिमच्या मेंटेनन्सचं काम करतो, शाळांमध्ये बरंच फिरणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे, त्यानुसार इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं लायसन्सवाल्या एजन्सीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, फॉर्म बी म्हणतात त्याला. पालक म्हणून तुम्ही शाळेला सरळ विचारू शकता की जुलैचा फॉर्म बी दाखवा. शिवाय २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने अविनाश मेहरोत्रा केसमध्ये सांगून टाकलंय की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. ती केस कुंभकोणमच्या आगीनंतरची. १६ जुलै २००४, तमिळनाडू, खालच्या स्वयंपाकघरातली ठिणगी झावळ्यांच्या छपराला लागली, ९४ लहान मुलं गेली. जिना अरुंद, वर्ग कोंदट.

त्याच्या आधीचं डबवालीचं प्रकरण, हरियाणा, २३ डिसेंबर १९९५, शाळेचं गॅदरिंग, सिंथेटिक कापडाचा मंडप, बाहेर पडायला एकच दार. चारशेच्या वर माणसं गेली. आता आपल्या गॅदरिंगचा हॉल किंवा मंडप आठवा. खुर्च्या अशा लावलेल्या असतात की मधे वाटच नाही, एक दार व्हीआयपींसाठी अडवलेलं, आणि दुसऱ्यासमोर साउंडवाल्याचे बॉक्स. मॉक ड्रिल वर्ग चालू असताना करतात, गॅदरिंगच्या दिवशी कुणी करत नाही.

मला शाळांमध्ये हमखास काय दिसतं ते सांगतो. जिन्याखाली मीटर बोर्ड आणि तिथेच मोडकी बाकं, जुने पेपर, नाटकाचे पडदे. जिन्याला जाळीचं सरकतं गेट आणि त्याला कुलूप, कारण विचारलं तर "पोरं मधल्या सुट्टीत वर जातात". फायर एक्स्टिंग्विशर भिंतीवर असतो पण काटा हिरव्यात आहे का ते कुणी बघत नाही, आणि स्टाफपैकी एकानेही पिन ओढून बघितलेली नसते. सिलेंडर रिफिलला जातोच ना दरवर्षी, मग पाठवायच्या आधी तो ग्राउंडवर शिक्षकांच्या हातात देऊन रिकामा करा की! थोडी आग पेटवा, वाऱ्याकडे पाठ करा, पिन काढा, ज्वाळांवर नाही तर बुडाशी मारा, डावीउजवीकडे फिरवा. लहान सिलेंडर काही सेकंदांतच संपतो हे तेव्हाच कळतं, आणि मग कळतं की आधी पोरं बाहेर काढायची, आग विझवत बसायचं नाही.

पेठकर

लालबंब, छान माहिती. एक भर घालतो. आमच्या पेठ-सुरगाणा भागात अधूनमधून जमीन हलते, मोठं काही नाही पण भांडी वाजतात. शाळेत घंटा एकच. आग लागली तरी तीच, भूकंपाच्या ड्रिललाही तीच, आणि पोरांना शिकवलंय काय तर घंटा वाजली की पळायचं. भूकंपात हलत असताना पळायचं नसतं, बाकाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, बाकाचा पाय घट्ट धरून ठेवायचा, हादरे थांबल्यावर मग बाहेर, आणि बाहेर म्हणजे भिंतीला लागून नाही. भूजच्या भूकंपात, २६ जानेवारी २००१, अंजारला प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली मुलं अरुंद गल्लीत होती, दोन्ही बाजूची घरं अंगावर आली. किल्लारीचा पहाटे चारच्या सुमारास झाला, शाळा रिकाम्या होत्या. दरवेळी असं होईलच असं नाही.

साधा_मास्तर

एकच घंटा हा मुद्दा एकदम बरोबर. आमच्याकडे बिबट्यासाठी वेगळी करावी लागली. उसाचं रान शाळेला लागून, तोड सुरू झाली की बिबट्याची लपायची जागा जाते आणि तो दिवसाही दिसतो. तेव्हा पोरं ग्राउंडवर असतील तर आत घ्यायची असतात, बाहेर नाही! म्हणून आम्ही ठरवलंय: लांब सलग टोल म्हणजे बाहेर, तुटक टोल म्हणजे आत आणि दार बंद. बाकाखाली शिरायला घंटा लागतच नाही, जमीन हलली की बाईंनी/सरांनी ओरडायचं.

गंगापूररोडकर

बिबट्याचं शहरातल्यांनी हसण्यावारी नेऊ नये. २०१९ च्या जानेवारीत सावरकरनगरात भरवस्तीत शिरला होता तेव्हा बघ्यांचीच एवढी गर्दी की वनखात्याला काम करता येईना. शाळेजवळ असं झालं आणि आम्ही पालक मेसेज वाचून गाड्या घेऊन गेटवर धावलो तर आम्हीच अडथळा होणार.

कडू_कारलं

झालं ना मग, तुमच्याच तोंडून आलं. संकट कुठलंही असो, पहिला अडथळा पालक. रोज शाळा सुटताना कॉलेज रोडला काय होतं ते बघा आणि त्यात घबराट मिसळा.

घाटमाथा

जलसंपदा खात्यातून रिटायर झालोय. पुराबद्दल थोडं. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढवायचा तर आधी कळवलं जातं, आणि धरणातून सोडलेलं पाणी शहरात यायला काही वेळ लागतो, तो वेळ हातात असतो. पण लोक फक्त गंगापूरचा आकडा बघतात. धरणाच्या खाली जे नाले-ओढे गोदावरीला मिळतात त्यांचं पाणी कुठल्याही दरवाजातून येत नाही, ते थेट येतं. म्हणून होळकर पुलाखालचा विसर्ग वेगळा सांगतात, शाळेने तो बघावा. शिवाय नासर्डी नदी वेगळी, तिचा गंगापूर धरणाशी संबंध नाही, शहरात ढगफुटीसारखा पाऊस झाला की ती स्वतःच्या जोरावर चढते.

घाटावरचे सांडवे, म्हणजे नदीतले ठेंगणे पूल, आधी पाण्याखाली जातात, मग खालचे रस्ते, मोठे पूल शेवटी. प्रत्येक शाळेने नकाशा घेऊन एवढंच काढावं की आपल्या व्हॅन कुठल्या पुलावरून येतात आणि तो बंद झाला तर दुसरा कुठला. गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुरात किती बुडाली हे नाशिककर पिढ्यान् पिढ्या बघत आलेत आणि ते चांगलंच आहे, पण मारुतीच्या कमरेला पाणी लागेपर्यंत शाळेने वाट बघू नये. निर्णय त्याच्या आधीचा हवा.

व्हॅनवाले_काका

मी वाचतोच फक्त, आज लिहितो. पंचवटी ते कॉलेज रोड पोरांची गाडी चालवतो. पुराच्या दिवशी काय होतं सांगू का. गाडी चालवताना फोनवर फोन. एक आई म्हणते लवकर आणा, दुसरी म्हणते आणू नका तिकडेच ठेवा, शाळेतून म्हणतात आमची सुटली तुम्ही या. रामवाडी पुलाकडून गेलो तर पोलीस परत पाठवतात, मग कन्नमवार पुलावरून वळसा, तिथे द्वारकेपासून जाम. गाडीत पहिलीची पोरं, कुणाला शू लागलेली, कुणी रडतंय. माझा प्रश्न एवढाच की रस्ता बंद असला तर पोरं घेऊन गाडीत बसून राहायचं का शाळेत परत सोडायची? परत गेलो तर गेटवर कुणी असेल का? आजवर हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीटिंगला आम्हाला कुणी बोलवत नाही.

लालबंब

काका, जोरात अनुमोदन. आणि मीटिंगला बोलवायला पाहिजे असा नियमच आहे. स्कूल बसचे २०११ चे राज्याचे नियम आहेत, त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असं म्हटलंय. ती कागदावर असते बहुतेक. गाडीत एक्स्टिंग्विशर आणि प्रथमोपचार पेटी आहे का तेही बघून घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये मिर्ची हॉटेलच्या चौकात पहाटे खासगी बस पेटली, १२ माणसं गेली, गाडी पेटते तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

सेंदाई_मुक्काम

मूळची नाशिकरोडची, सध्या जपानात. धागा वाचून राहवलं नाही. इथे शाळांमध्ये एक वेगळंच ड्रिल असतं, हिकिवाताशी कुन्रेन, म्हणजे पोरं पालकांच्या ताब्यात द्यायचा सराव. वर्षातून एकदा. ठरलेल्या वेळी आम्ही शाळेत जातो, रांगेत उभं राहतो, आधी भरून दिलेल्या कार्डावर ज्यांची नावं आहेत त्यांनाच मूल मिळतं, बाई नाव वाचून, चेहरा बघून, खूण करून सोडतात. शेजारच्या ओळखीच्या काकू आल्या आणि कार्डावर नाव नसेल तर नाही मिळत. पहिल्यांदा मला फार बोअर झालं होतं ते, एका पोरासाठी अर्धा दिवस रजा.

पण ओकावाची गोष्ट कळल्यावर मत बदललं. ११ मार्च २०११ चा भूकंप, इशिनोमाकी शहरातली ओकावा प्राथमिक शाळा. भूकंपात शाळेत कुणाला काही झालं नाही, मुलं बेंचखाली बसली, नंतर ग्राउंडवर आली, सगळं ड्रिलप्रमाणे. आणि मग जवळजवळ पन्नास मिनिटं ग्राउंडवरच थांबली, कारण पुढे कुठे जायचं हे ठरेना. शाळेच्या मागेच टेकडी होती. त्सुनामी नदीतून वर आली, १०८ पैकी ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. शाळेच्या आराखड्यात त्सुनामी आली तर जवळच्या मोकळ्या जागेत किंवा बागेत जावे असं मोघम लिहिलेलं, कुठली जागा ते नाही. पालक कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत निकाल पालकांच्या बाजूने राहिला, आराखडा नीट केला नाही हीच शाळेची आणि शिक्षण मंडळाची चूक धरली.

त्यानंतर इथल्या बऱ्याच शाळांनी आणखी एक बदल केला: धोक्याचा इशारा चालू असेपर्यंत पोरं पालकांनाही द्यायची नाहीत. आलेल्या पालकांनाच वरच्या मजल्यावर थांबवून घ्यायचं.

गंगापूररोडकर

@सेंदाई_मुक्काम, हे वाचून अंगावर काटा आला, आणि मला हवं होतं ते नेमकं मिळालं. मी आतापर्यंत "लवकरात लवकर पालकांच्या हाती" असा विचार करत होते, पण पुरात ते उलटं असू शकतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत माझा मामेभाऊ रात्रभर शाळेत होता, शिक्षकांनी बिस्किटं वाटून पोरांना वर्गात झोपवलं, मामी घरी अर्धमेली झाली होती पण पोरगं सुखरूप. त्याच दिवशी ज्यांच्या शाळांनी सोडून दिलं ती मुलं कमरेएवढ्या पाण्यात चालत होती.

सातपूरची_आई

माझ्या मुलाला कमी ऐकू येतं, मशीन लावतो, पण ग्राउंडच्या गोंगाटात त्याला घंटा कळत नाही. ड्रिलच्या दिवशी तो चित्र काढत वर्गात बसून राहिला होता, बाई मोजायला लागल्या तेव्हा लक्षात आलं. आता त्याच्या शेजारच्या मुलाला सांगितलंय की खांद्यावर थाप मार आणि हात धर, आणि तो गैरहजर असला तर कोण, तेही ठरवलंय. अजून एक, दम्याचा पंप, फिट्सच्या गोळ्या हे सगळं ऑफिसच्या कपाटात असतं. इमारत रिकामी केली तर औषधं आतच राहणार! एक पिशवी दाराशी टांगलेली असावी आणि हजेरीपटाबरोबर ती उचलायची, एवढं तरी करा प्लीज.

कडू_कारलं

हे मात्र पटलं. आणि हजेरीपट हल्ली टॅबमध्ये असतो, वीज-नेट गेलं की हजेरी गेली. रोज सकाळी एक कागदी यादी वर्गाच्या दारामागे अडकवा, आज कोण आलंय त्यावर टिक.

मखमलाबादी

सिंहस्थाचं कुणीच बोललं नाही? २०२७ ला पर्वणीच्या आसपास अर्धं नाशिक बॅरिकेडच्या आत असणार. सुट्टी देतील हो स्नानाच्या दिवशी, पण आदल्या-नंतरच्या दिवसांचं काय? २००३ ची चेंगराचेंगरी आठवते ना, ३९ माणसं गेली. शाळा एका बाजूला आणि घर बॅरिकेडच्या दुसऱ्या बाजूला असं झालं तर पालकांना पोचता येईल का, हे आत्तापासून बघा.

गंगापूररोडकर

हो, ते घेतेच. सगळ्यांचं वाचून मी शाळेला द्यायचं एक पान लिहिलंय, काही राहिलं असेल तर सांगा. प्रत्येक मुलाचं एक कार्ड, त्यावर मूल नेऊ शकतील अशा तीन माणसांची नावं-फोटो, त्यातलं निदान एक नदीच्या शाळेकडच्या बाजूला राहणारं, कारण पलीकडची आजी कितीही प्रेमळ असली तरी पुलाअभावी उपयोगाची नाही. पूल बंद असेल तर व्हॅन शाळेत परत येणार आणि शेवटचं मूल जाईपर्यंत मुख्याध्यापक किंवा ठरलेले दोन शिक्षक थांबणार. त्यांच्यासाठी आणि मुलांसाठी रात्रीपुरतं पाणी, चिवडा-बिस्किटं, टॉर्च, सॅनिटरी पॅड शाळेत. पालकांना मेसेज एकाच नंबरवरून, दर तासाला, काही नवीन नसलं तरी. ग्रुपवर फॉरवर्ड टाकणाऱ्याला ॲडमिनने तिथल्या तिथे गप्प करायचं. ताब्यात द्यायची जागा पुढचं गेट नाही, मागचं, म्हणजे ॲम्ब्युलन्स-बंब पुढून येऊ शकतील. शनिवारी मीटिंग आहे, व्हॅनवाल्या काकांनाही या म्हटलंय.

व्हॅनवाले_काका

येतो ताई. माझ्यासारखे अजून सात-आठ जण आहेत, त्यांनाही आणतो. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकरानंतर ठेवा.

साधा_मास्तर

घटस्फोट, भांडणं चालू असलेल्या घरांचं बघा. कार्डावर कुणाचं नाव नको हेही लिहायला जागा ठेवा. आमच्याकडे गावात सगळे ओळखीचे तरी हा घोळ झालाय.

लालबंब

पान छान झालंय. फक्त मागच्या गेटची चावी कुणाकडे असते ते आधी विचारा.

गंगापूररोडकर

आत्ताच फोन करून विचारलं. शिपाईमामांकडे. आणि मामा साडेबारा ते दोन जेवायला घरी जातात, सिडकोला.